आधी ब्रोग की थेट नेटहॅक? अकरा मृत्यूंनंतरच्या प्रश्नाला एक उत्तर

तुम्ही लिहिले आहे की, गेल्या दोन महिन्यांत भुयारात मजल्यामागून मजले उतरत जाण्याचा नेटहॅक हा संगणकावरचा खेळ अकरा वेळा सुरू केला आणि अकराही वेळा पाचव्या मजल्याच्या आत खेळ संपला. शेवटच्या वेळी, सुमारे दोन हजाराव्या खेळीला, वाटेत पडलेल्या एका मृत प्राण्याचे मांस खाल्ले आणि थोड्याच वेळात मृत्यू आला. एका मित्राचे म्हणणे आहे की आधी ब्रोग किंवा पिक्सेल डन्जनसारखा सोपा रोगलाइक (म्हणजे दर वेळी नव्याने रचलेल्या भुयाराचा, मेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा खेळ) खेळावा. दुसरा म्हणतो की सोप्या खेळात घालवलेला वेळ वायाच जातो, कारण नेटहॅक शेवटी नेटहॅक खेळूनच येतो. यांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

मी हे खेळ वीस वर्षे खेळत आलो आहे आणि त्यातली निम्मी वर्षे कोणा ना कोणा नवख्या खेळाडूच्या शेजारी बसून काढली आहेत. (‘रोगलाइक’ या नावातला ‘रोग’ आजाराचा नव्हे, ‘रोग’ याच नावाच्या मूळ खेळाचा, मात्र वीस वर्षांनंतर हे मला फार खात्रीने सांगवत नाही.) त्या अनुभवावरून असे वाटते की तुमच्या दोन्ही मित्रांची चूक एकाच ठिकाणी होते आहे. ‘सोपा’ या शब्दाचे किमान दोन अर्थ आहेत आणि दोघांनी ते एकत्र कालवले आहेत. एखादा खेळ नियमांनी लहान असू शकतो आणि तरी जिंकायला अतिशय कठीण असू शकतो. उलट एखादा खेळ नियमांचे जंगल असतो, पण ते जंगल पाठ झालेल्या माणसाला त्यात सहसा मरण येत नाही. ब्रोग पहिल्या प्रकारचा आहे आणि नेटहॅक दुसऱ्या.

हा फरक पुस्तकी वाटू नये म्हणून मूळ ‘रोग’चेच उदाहरण घेतो. मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात तो लिहिला, पुढे केन अर्नोल्ड त्यात सामील झाले आणि बर्कलीच्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर तो विद्यापीठांतल्या संगणकांवर पसरला. त्यात पात्रांचे वर्ग नाहीत, वंश नाहीत, दुकाने नाहीत; इंग्रजीच्या सव्वीस मोठ्या अक्षरांसाठी सव्वीस राक्षस, सव्विसाव्या मजल्यावर एक ताईत आणि तो घेऊन पुन्हा वर यायचे. नियमांच्या हिशेबाने यापेक्षा लहान रोगलाइक शोधणे अवघड आहे. म्हणून काही जण नवख्यांना ‘मुळापासून सुरुवात करा’ असे सांगतात आणि मला तो सल्ला मुळीच पटत नाही. त्या खेळात अन्न वेळेवर सापडले नाही तर तुम्ही काय चुकलात हे सांगायला कोणी नसते, कारण बरेचदा तुम्ही काहीच चुकलेले नसता. इतिहास म्हणून तो जरूर पाहावा. शिक्षक म्हणून तो वाईट आहे.

तेव्हा मूळ प्रश्न सोप्या-अवघडाचा नाही. मी तो असा मांडेन: या खेळात मेल्यानंतर, का मेलो हे मला माझे मलाच समजते का? कायमचा मृत्यू हे या प्रकाराचे वैशिष्ट्य आहे. खेळ जतन करून मागे जाता येत नाही, म्हणून शिकण्याचे जवळजवळ एकमेव साधन म्हणजे तुमचे मरण. ते मरण बोलके असेल तर दहा खेळांत माणूस सुधारतो. मुके असेल तर शंभर खेळांतही सुधारत नाही, फक्त वैतागतो.

ब्रोगमधले मरण बहुधा बोलके असते. ब्रायन वॉकर यांनी हा खेळ २००९ मध्ये प्रसिद्ध केला आणि आज त्याची कम्युनिटी एडिशन, म्हणजे चाहत्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती, चालू आहे. तुमच्याकडे सुरुवातीला ४० आरोग्य, एक खंजीर, काही फेकायचे डार्ट, चामड्याचे चिलखत आणि थोडे अन्न असते. अनुभवाचे गुण नाहीत, त्यामुळे राक्षस मारून तुम्ही बलवान होत नाही. लढाई टाळणे हाही तितकाच चांगला मार्ग ठरतो. शत्रूवर नजर टाकली की खेळ स्पष्ट शब्दांत सांगतो की त्याचा वार लागण्याची शक्यता किती टक्के आहे, एका वारात तुमच्या उरलेल्या आरोग्यापैकी साधारण किती जाईल आणि वाईटात वाईट किती वारांत तुम्ही संपाल. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर गॉब्लिनांची टोळी भेटते. त्यांच्यात एक कॉन्ज्युरर, म्हणजे मांत्रिक, असतो, तो लांब उभा राहून एका वेळी अनेक मायावी तलवारी तुमच्यावर सोडतो. नवखा खेळाडू त्या तलवारींशी लढत बसतो आणि मरतो. पण मेल्यावर थोडा विचार केला तर सगळा हिशेब समोरच असतो: कॉन्ज्युररचे आरोग्य अवघे १० आहे, तो मेला की त्याच्या तलवारी त्याच्याबरोबर नाहीशा होतात, डार्ट तुमच्याकडे पहिल्या खेळीपासून होते आणि दाराआड सरकला असता तर त्याला तुम्ही दिसलाच नसता. यातली बहुतेक माहिती मरण्याआधीही पडद्यावर होती. ती न पाहणे ही तुमची चूक होती, आणि जी चूक आपली असते ती सुधारता येते.

आता नेटहॅक पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर एक निळे ‘ई’ अक्षर दिसते. ते जवळपास हलत नाही, स्वतःहून हल्ला करत नाही, त्यामुळे आयता बळी मिळाला असे वाटते. तुम्ही तलवार चालवता आणि त्या तरंगत्या डोळ्याच्या नजरेने जागच्या जागी गोठता; मग एखादा किरकोळ उंदीरसुद्धा सावकाश तुम्हाला संपवतो. विचार करून हे आधी कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. हे माहीत असावे लागते. कॉकाट्राइस नावाच्या राक्षसाला उघड्या हाताने मारले की आपला दगड होतो, हेही माहीत असावे लागते. अनोळखी ताईत गळ्यात घातला आणि तो गळा आवळणारा निघाला तर सहा खेळ्यांत मरण येते, हेही. असे शेकडो कायदे १९८७ पासून, आणि त्याआधीच्या ‘हॅक’पासून, थरावर थर साचत आले आहेत. नेटहॅकची सगळी गंमत या थरांतच आहे आणि नवख्याची अडचणही नेमकी तीच आहे.

शिवाय कळफलकाचा भार वेगळा. नेटहॅकमध्ये स्मॉल डब्ल्यू म्हणजे शस्त्र हातात घेणे, कॅपिटल डब्ल्यू म्हणजे चिलखत चढवणे, अंगठी घालायला कॅपिटल पी, चिलखत उतरवायला कॅपिटल टी आणि अंगठी काढायला कॅपिटल आर. ब्रोगमध्ये यांतले घालण्याचे सगळे काम एका ‘ई’ने होते. पहिल्या आठवड्यात डोके चालवायचे असते ते धोक्यावर, आणि ते खर्च होते कोणते बटण दाबायचे यावर.

मी स्वतः मात्र ब्रोगने सुरुवात केली नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. मी २००४ मध्ये नेटहॅकने सुरुवात केली, कॉलेजच्या लॅबमधल्या एका लिनक्स यंत्रावर. ३.४.३ ही आवृत्ती डिसेंबर २००३ मध्ये आली होती आणि पुढची अधिकृत आवृत्ती थेट डिसेंबर २०१५ मध्ये निघाली. त्यामुळे एका सीनिअरने वहीत उतरवून दिलेल्या सूचना बारा वर्षे शिळ्या झाल्या नाहीत. ती वही नसती तर मी तिसऱ्या आठवड्यात खेळ सोडला असता, हे आज प्रांजळपणे कबूल करतो. ‘मी थेट अवघडापासून शिकलो’ असे सांगणारे जुने खेळाडू बहुधा अशीच एखादी वही सांगायची विसरतात. तुमचा दुसरा मित्र तसा असेल तर त्याला तेवढे विचारून पाहा.

त्या वहीवरूनच मला पुढे एक पद्धत सुचली आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती करायला लावतो. मेल्यावर लगेच नवा खेळ सुरू करायचा नाही. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात लिहायचे: शेवटची अशी कोणती खेळी होती, जिथे मी अजून सुटू शकत होतो? दुसऱ्यात: मेलो तेव्हा पिशवीत न वापरलेले काय होते? तिसऱ्यात: कोणती गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याचा संभवही नव्हता? दुसऱ्या रकान्यासाठी नेटहॅक स्वतःच मदत करतो. मेल्यावर तो विचारतो की तुमच्या सामानाची ओळख पटवून देऊ का. नवखे घाईने नाही म्हणतात. ‘हो’ म्हणावे, आणि ज्याचे नाव माहीत नव्हते ती कांडी नेमकी झोपवणारी होती हे डोळ्यांनी पाहावे. क्रॉलमध्ये (डन्जन क्रॉल स्टोन सूप, याच प्रकारचा आणखी एक खेळ) प्रत्येक मृत पात्राची सविस्तर नोंद फाइलमध्ये राहते, आणि ब्रोग तर अख्खा खेळ पुन्हा चित्रपटासारखा दाखवतो. शिवाय तोच सीड क्रमांक (ज्यावरून भुयार रचले जाते तो आकडा) देऊन तेच भुयार पुन्हा खेळता येते.

पाच-सहा मरणांनंतर त्या कागदाकडे पाहिले की उत्तर बरेचसे आपोआप मिळते. पहिले दोन रकाने भरत असतील, तर खेळ कोणताही असो, तो तुमच्यासाठी योग्य आहे आणि तुम्ही शिकत आहात. तिसराच रकाना भरत असेल, तर एक तर त्या खेळाबद्दल वाचायला हवे, नाही तर काही काळ असा खेळ हवा ज्यात तिसरा रकाना लहान असतो. सोप्याकडून अवघडाकडे कधी जायचे, हेही याच कागदावरून ठरते. ब्रोग जिंकेपर्यंत थांबायचे म्हटले तर वर्ष जाईल. तिथे तिसरा रकाना रिकामा राहू लागला की पुढे सरकायला हरकत नाही.

लहान खेळात शिकलेले मोठ्यात किती उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र बारकाईने पाहायला हवा, कारण दुसऱ्या मित्राच्या म्हणण्यात इथे तथ्य आहे. मोकळ्या दालनात चौघांनी घेरू न देता बोळात मागे सरकणे, आरोग्य निम्मे होण्याआधी लढाई सोडणे, अनोळखी पोशन (जादूचे पेय) पूर्ण आरोग्य असताना आणि आसपास शत्रू नसताना पिऊन पाहणे, या सवयी जवळजवळ सगळीकडे चालतात. सगळ्यांत मोलाची सवय म्हणजे वस्तू वापरून टाकणे. आपल्याकडे चांगली गोष्ट ठेवणीत ठेवण्याचे संस्कार इतके पक्के असतात की लोक पिशवीत सात स्क्रोल (मंत्र लिहिलेल्या गुंडाळ्या) आणि पाच पोशन घेऊन मरतात. ठेवणीतली साडी निदान लग्नात तरी बाहेर निघते. ही खोड मोडायला ब्रोगसारखा खेळ नाही, कारण तिथे वस्तूंखेरीज तुमच्याकडे दुसरे बळच नसते.

पण काही सवयी एका खेळातून दुसऱ्यात नेल्या तर घात करतात. जिन्याचेच पाहा. अँगबँड या आणखी एका रोगलाइकमध्ये जिना चढला-उतरला की नवा मजला तयार होतो आणि मागचा शत्रू मागेच राहतो, म्हणून तिथला खेळाडू जिन्यावर पाय ठेवून निर्धास्त असतो. ब्रोग, क्रॉल आणि नेटहॅक या तिन्हींत शेजारी उभा असलेला शत्रू तुमच्या पाठोपाठ जिना उतरतो. अँगबँडवर तयार झालेला एक चांगला खेळाडू क्रॉलमध्ये ओग्र नावाच्या धिप्पाड राक्षसाला सोबत घेऊन मजल्यामागून मजले उतरत गेलेला मी पाहिला आहे, आणि मला हसू आवरले नव्हते.

अलीकडे येणारे बहुतेक जण हेडीस खेळून आलेले असतात. तो २०२० चा खेळ उत्तम आहे, पण त्यात मेल्यावर घरी परत येऊन आरशापाशी कायमची शक्ती विकत घेता येते, म्हणजे हरण्यानेही पात्र बळकट होते. ही अपेक्षा घेऊन नेटहॅककडे आलेला माणूस जोरजोराने मरत राहतो आणि काहीच का वाढत नाही म्हणून गोंधळतो. इथे वाढतो तो खुर्चीवर बसलेला माणूस, पडद्यावरचा नव्हे. याउलट स्ले द स्पायरवरून आलेले लोक मला लवकर तयार होताना दिसले. तो पत्त्यांचा खेळ आहे, दिसायला या सगळ्यांपासून दूरचा. पण शत्रू पुढच्या पाळीला काय करणार हे तो डोक्यावर चिन्ह लावून दाखवतो, त्यामुळे आधी पाहणे आणि मग हात हलवणे ही शिस्त अंगी बाणते. खरे-खोटे रोगलाइक कोणते यावर जे वाद चालतात त्यांचा शिकवण्याच्या कामी फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे.

आता तुमच्यावर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण ते माहीत नसताना एकच औषध सगळ्यांना देता येत नाही. पहिली गोष्ट म्हणजे यंत्र. खेळ बसमध्ये किंवा लोकलमध्ये फोनवर होणार असेल तर नेटहॅक विसरा आणि शॅटर्ड पिक्सेल डन्जन घ्या. मूळ पिक्सेल डन्जन २०१२ चा, त्यावर इव्हान डेबेनहॅम यांनी २०१४ पासून बांधलेला हा खेळ बोटांसाठीच घडवलेला आहे. पाचव्या मजल्यावरचा गू नावाचा पहिला मोठा शत्रू जोराचा वार करण्याआधी फुगतो आणि पाण्यात उभा राहिला तर बरा होतो. या दोन गोष्टी लक्षात येणे म्हणजे अर्धा रोगलाइक समजणे. दुसरी गोष्ट म्हणजे इंग्रजी वाचण्याचा वेग. नेटहॅक वरच्या ओळीत एकामागून एक वाक्ये सोडतो आणि ती न वाचता पुढे ढकलणे हे नवख्यांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. वाचायचा कंटाळा असेल तर चित्रांनी बोलणारा खेळ निवडण्यात कमीपणा नाही. तिसरी गोष्ट, कायमचा मृत्यूच मनाला लागत असेल तर केव्ज ऑफ कड पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या या खेळात वस्तीवर पोहोचल्यावर प्रगती जतन करणारा एक प्रकारही आहे, आणि खेळ गुंतागुंतीचा असूनही त्यामुळे तो नवख्याला सहन होतो.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: तुम्हाला ओढ कशाची आहे? तुम्ही अकरा वेळा मरून बाराव्यांदा विचारायला आला आहात, यावरून मला वाटते की तुम्हाला ‘रोगलाइक’ नको आहेत, नेटहॅकच हवा आहे. पाळीव मांजर एखाद्या वस्तूवरून नाखुशीने चालले तर ती शापित आहे, किंवा अनोळखी कांडीने जमिनीवर लिहून पाहिले की तिची जात कळू शकते, असली गंमत ब्रोगमध्ये नाही. अशी ओढ असताना कोणी ‘आधी वर्षभर दुसरेच खेळा’ म्हणाला तर माणूस दोन्ही सोडतो. असे तिघे जण माझ्यासमोर सोडून गेले.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा की, नेटहॅक सोडू नका, पण महिनाभर त्याच्या जोडीला ब्रोग ठेवा. सोमवार ते शुक्रवार वेळ कमी असताना ब्रोगचा एखादा छोटा खेळ, आणि शनिवार-रविवारी नेटहॅक. ब्रोगमध्ये फक्त माघार आणि पिशवी या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. जिंकण्याचा विचारही करू नका. महिन्यानंतर दोन्ही नकोसे वाटले, तर मधला पर्याय म्हणून डन्जन क्रॉल स्टोन सूप आहे. त्याचे नियम पुष्कळ आहेत, पण ‘ओ’ दाबले की पात्र स्वतःहून मजला धुंडाळते, आणि भुकेसारखी जी कटकट निर्णयाला काही देत नव्हती ती निर्मात्यांनी २०२१ मध्ये काढूनच टाकली. मिनोटॉर बर्सर्कर हे चवताळून लढणारे पात्र घेऊन सुरुवात करा. क्रॉल ब्राउझरमध्ये खेळता येतो आणि चांगल्या खेळाडूंचे चालू खेळ बघत बसता येते. मी दोन पावसाळे याच अभ्यासात घालवले आहेत.

नेटहॅकमध्ये वाल्किरी हे लढवय्ये पात्र घ्या आणि माझ्या सीनिअरच्या वहीतले पहिले पान पाठ करा. निळ्या ‘ई’ला हातातल्या शस्त्राने मारू नये, मारायचे असेल तर दुरून. दुकानदाराशी भांडू नये. धुळीत ‘एल्बेरेथ’ लिहून त्यावर उभे राहिले की बरेचसे शत्रू बिचकतात, मात्र नव्या आवृत्त्यांत त्यावर उभे राहून वार केला की अक्षरे पुसली जातात. आणि आरोग्य एक-सप्तमांशाखाली गेले की प्रार्थना करावी. सुरुवातीच्या सुमारे ३०० खेळ्या सोडून, आणि दोन प्रार्थनांत सुमारे १००० खेळ्यांचे अंतर ठेवून. एवढ्याने तिसरा रकाना रिकामा होत नाही, पण निम्म्यावर येतो.

तुमच्या शेवटच्या मरणाचा हिशेब आपण मिळून लावू. प्राणी तुम्ही त्याच क्षणी मारलेला नव्हता, वाटेत पडलेला होता, म्हणजे मांस शिळे होते. शिळ्या मांसाने विषबाधा झाली की दहा-वीस खेळ्यांत मृत्यू येतो. पण विषबाधा हे प्रार्थनेने बरे होणाऱ्या मोठ्या संकटांपैकी एक आहे, आणि दोन हजाराव्या खेळीपर्यंत तुम्ही एकदाही प्रार्थना केलेली नसेल तर ती बहुधा ऐकली गेली असती. म्हणजे सुटकेच्या खेळ्या हातात होत्या आणि पिशवीतले काही खर्चही करावे लागणार नव्हते. पण शिळे मांस घातक असते आणि प्रार्थनेने त्यातून सुटता येते, हे दोन्ही तुम्हाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता, म्हणून हे मरण पूर्णपणे तिसऱ्या रकान्यात जाते. उरलेली दहा आठवतील तशी मांडा आणि इथेच खाली लिहा. त्यांतली सहापेक्षा जास्त तिसऱ्या रकान्यात निघाली तर वर सांगितलेले वेळापत्रक उलटे करू.